पावडरच्या आधी ताट

“आजी, तीन शब्द सांगतो, ध्यानात ठेवा. आंबा, खुर्ची, रुपया.” सिडकोतल्या एका मेंदूविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यात परवानगी घेऊन मी कोपऱ्यात बसलो होतो. समोर पैठणकडच्या, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजी. शेजारी मुलगा, त्याच्या मांडीवर अमिनो ॲसिडच्या पावडरचा नवाकोरा डबा. आईचं विसरणं वाढलंय, हे सुरू करू का, एवढंच त्याला विचारायचं होतं.

डॉक्टरांनी डब्याकडे पाहिलंही नाही. “आपण आत्ता कुठल्या शहरात आहोत?” “औरंगाबादेत.” मुलगा दुरुस्त करायला पुढे सरकला, त्याला हातानेच थांबवून डॉक्टरांनी पूर्ण गुण दिला. 2023 मध्ये शहराचं नाव बदललं. जन्मभर घेतलेलं नाव तोंडात येणं हा काही आजार नव्हे. महिना? “आषाढ.” तेही बरोबर.

स्मृती तपासण्याची जगभर वापरली जाणारी प्रश्नावली 1975 साली अमेरिकेत तयार झाली. तिच्यात वाचून कृती करायची, वाक्य लिहायचं, अशी कामं आहेत. शाळेची पायरीही न चढलेल्या माणसाला ती लावली, तर धडधाकट माणूसही नापास होईल. म्हणून हरियाणातल्या बल्लभगढच्या अभ्यासातून 1995 मध्ये हिंदी रूप आलं: वाचायच्या ऐवजी ‘मी करतो तसं करा’, लिहायच्या ऐवजी ‘घराबद्दल काहीतरी सांगा’. आपल्या खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्यांवर हे मोठे उपकार आहेत.

मग वार उलटे म्हणायचे. “ऐतवार, शनवार, शुक्करवार, बेस्तरवार...” आजी थांबल्या, पदराशी चाळा केला. “मंगळवार.” बुधवार निसटला. मघाचे शब्द? “आंबा... रुपया...” तिसरा आलाच नाही. डॉक्टरांनी घाई केली नाही, सुचवलंही नाही. ती शांतता मुलाला सोसवत नव्हती.

आता डबा. अमिनो ॲसिडं म्हणजे प्रथिनांचे घटक. त्यांतल्या ट्रिप्टोफॅनपासून मेंदूत सेरोटोनिन हे संदेशवाहक द्रव्य बनतं, टायरोसिनपासून डोपामिन. त्यामुळे पावडरची कल्पना अगदीच निराधार नाही. 2020 मध्ये जपानी अभ्यासकांनी पंचावन्नच्या पुढच्या सुमारे शंभर लोकांना 12 आठवडे सात आवश्यक अमिनो ॲसिडं दिली. लक्ष एकवटण्याच्या चाचणीत थोडा फायदा दिसला. पण ते स्मृतिभ्रंशाचे रुग्ण नव्हते, आणि अभ्यासामागे अमिनो ॲसिडं बनवणारीच कंपनी होती. शिवाय यातली अनेक अमिनो ॲसिडं रक्तातून मेंदूत एकाच दारानं शिरतात. एकाची गर्दी झाली की दुसरं अडतं. पार्किन्सनच्या काही रुग्णांत लेव्होडोपा ही गोळी प्रथिनांच्या जेवणासोबत नीट लागू पडत नाही, ती याचमुळे.

“दिवसभरात काय खाता, आजी?” खरी तपासणी इथं सुरू झाली. सकाळी चहा-टोस्ट. दुपारी अर्धी भाकरी, वरणाच्या वरच्या पाण्यात कुस्करून. डाळ? “कवळी टोचती, बाबा. अन् डाळीनं पोट फुगतं.” रात्री पुन्हा चहा. ज्वारीत लायसिन हे अमिनो ॲसिड कमी, ते डाळ भरून काढते. आपल्या भाकरी-वरणाची जोडी त्यासाठीच मोलाची. आजींच्या वाटीत मात्र नुसतं पाणीच येत होतं. प्रौढाला किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं, हा भारतीय आहारशास्त्राचा हिशेब. पन्नास किलोच्या माणसाला 41-42 ग्रॅम. आजी निम्म्यालाही पोचत नव्हत्या, आणि त्याच घरातल्या मुलाला ते ठाऊक नव्हतं.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं: बी-12, थायरॉईड, साखर, क्रिएटिनिन. बी-12 वनस्पतींतून मिळत नाही; शाकाहारी घरात दूधही सुटलं की ते घसरतं, आणि त्यानंही विसरायला होतं. ते वेळीच भरून काढता येतं. क्रिएटिनिन अशासाठी, की मूत्रपिंड थकलेलं असेल तर जादा प्रथिनांचा भार पडतो. खाली एक ओळ: दातांच्या डॉक्टरांकडून कवळी नीट करून घेणे, घट्ट वरण, दही, चालत असल्यास अंडं. डबा तसाच परत गेला.

साठीपुढच्या भारतीयांत शंभरातल्या सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे, असं देशव्यापी पाहणी सांगते. तेव्हा घरात कुणी विसरू लागलं, तर मेडिकलच्या दुकानात जाण्याआधी स्मृतीची तपासणी करून घ्या, बी-12 आणि थायरॉईड बघा. आणि आई-वडील जेवत असताना शेजारी बसा, ताटात काय उरतंय ते पाहा.