पायथन ३ : संगणकीय भाषेच्या पुनर्रचनेचे मूल्यमापन

संगणकीय भाषेतील दोष उशिरा लक्षात येतात. तोपर्यंत त्या दोषांवर विसंबून असंख्य आज्ञावल्या लिहिल्या गेलेल्या असतात. दोष काढावा तर त्या मोडतात, ठेवावा तर नव्या आज्ञावल्यांतही तो उतरतो. ग्विडो व्हॅन रॉसम यांच्या पायथन या भाषेने यांपैकी पहिला मार्ग जाणीवपूर्वक पत्करला. ३ डिसेंबर २००८ रोजी प्रसिद्ध झालेली पायथन ३.० ही आवृत्ती पूर्वीच्या आवृत्त्यांशी सुसंगत नव्हती.

'प्रिंट' हे विधान न राहता फलन झाले, हा बदल त्रासदायक असला तरी वरवरचा होता. पाचास दोनाने भागल्यास २ ऐवजी २.५ मिळू लागले, हा अधिक धोक्याचा. कारण जुनी आज्ञावली कोणतीही त्रुटी न दाखवता निराळे उत्तर देऊ शकते. परंतु पुनर्रचनेचा गाभा मजकुराच्या हाताळणीत होता. पायथन २ मध्ये साधा मजकूर म्हणजे केवळ बाइटांची मालिका. यूटीएफ-८ मध्ये साठवलेल्या 'मराठी' या शब्दाची लांबी तेथे १५ भरे. पायथन ३ मध्ये ती ५ भरते. (वाचकास अक्षरे तीनच दिसतात, काना व वेलांटी युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्हे असल्याने एवढा फरक उरतोच.) युनिकोड मजकुराचा वेगळा प्रकार २००० पासून उपलब्ध होता, मात्र दोहोंची सरमिसळ इंग्रजी मजकुरापुरती बिनबोभाट चाले आणि देवनागरी अक्षर येताच आज्ञावली बंद पडे. म्हणजे दोष लिहिणाऱ्याच्या चाचणीतून निसटून वापरणाऱ्याच्या पदरी पडे. पायथन ३ ने ही सरमिसळच नाकारली. रोमनेतर लिप्यांच्या दृष्टीने हा लाभ निर्विवाद आहे.

त्याची किंमतही मोठी होती. 'टू-टू-थ्री' हे रूपांतराचे साधन वाक्यरचना बदलू शके, परंतु एखादी मालिका मजकूर आहे की नुसते बाइट, हे त्यास ठरविता येत नसे. शिवाय आधारभूत ग्रंथालये बदलल्याविना आज्ञावल्या बदलेनात आणि वापरणारे जुन्याच आवृत्तीवर असल्याने ग्रंथालयांनाही घाई नव्हती. पायथन २.७ चा आधार २०१५ मध्ये संपावयाचा होता. २०१४ मध्ये ती मुदत २०२० पर्यंत वाढवावी लागली. जुन्या आवृत्तीतील युनिकोड मजकुरापुढील 'यू' हे चिन्ह पायथन ३.३ मध्ये, २०१२ साली, पुन्हा ग्राह्य धरले गेले. त्यामुळे एकच आज्ञावली दोन्ही आवृत्त्यांत चालविणे सुकर झाले. ही सवलत आरंभीच दिली असती तर स्थित्यंतराची काही वर्षे खचित वाचली असती. २.७ ची अखेरची आवृत्ती एप्रिल २०२० मध्ये निघाली.

पर्ल या भाषेची पुनर्रचना याहून मूलगामी होती. २००० मध्ये घोषित झालेली पर्ल ६ डिसेंबर २०१५ मध्ये अवतरली आणि २०१९ मध्ये तिला राकू हे वेगळे नाव घ्यावे लागले. पर्ल ५ मात्र चालूच राहिली.