भात्यातला सूर : लेखांक ९
सेशनच्या गोलात बसणारं ॲकॉर्डियन

मागच्या लेखात आपण व्हिएन्नामध्ये थांबलो होतो. सिरिल डेमियान यांनी १८२९ साली पेटंट घेतलेलं ॲकॉर्डियन अगदी छोटं होतं. त्याला पाच चाव्या होत्या आणि भाता हातात मावेल एवढाच होता. पुढे त्याच्या उजव्या अंगाला पियानोसारख्या पट्ट्या आल्या आणि डाव्या अंगाला बासची बटणं वाढत गेली. १८६३ साली पाओलो सोप्रानी यांनी इटलीतल्या कास्टेलफिदार्दो गावात कारखानदारी सुरू केली आणि तिथून हे वाद्य जगभर पोचलं. आज त्याच्याविषयीचा एक नेमका प्रश्न घेऊ. आयरिश पारंपरिक संगीताच्या सेशनमध्ये बसायचं असेल तर पियानो ॲकॉर्डियन कसं निवडावं?

आपल्याकडे ॲकॉर्डियन म्हटलं की कानात हिंदी सिनेमा वाजायला लागतो. 'आराधना'मधल्या 'रूप तेरा मस्ताना'साठी केर्सी लॉर्ड यांनी वाजवलेलं ॲकॉर्डियन आठवतं, पुण्याचे एनॉक डॅनियल्स आठवतात. तिथे वाद्य माइकसमोर एकटं उभं असतं आणि त्याने उठून दिसावं हीच अपेक्षा असते. मीही तोच कान घेऊन आयर्लंडला गेलो होतो. तिथे नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका दुकानात जे सगळ्यात भरदार वाजलं ते घेऊन आलो. ४१ पट्ट्या, १२० बास, वजन जवळजवळ अकरा किलो.

ते घेऊन काउंटी क्लेअरमधल्या एका पबच्या कोपऱ्यात पहिल्यांदा बसलो तो प्रसंग मला अजून लख्ख दिसतो. ओळखीची रील (तिकडची नाचाची जलद चाल) सुरू झाली आणि मी सगळे सूर एकदम उघडणारं 'मास्टर' बटण दाबून त्यात शिरलो. दुसऱ्या फेरीत शेजारी फिडल, म्हणजे व्हायोलिनच, वाजवणाऱ्या बाईंकडे लक्ष गेलं. त्यांनी मान वाकवून कान आपल्याच फिडलच्या लाकडाला जवळजवळ टेकवला होता. स्वतःचं वाद्य त्यांना ऐकू येत नव्हतं. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्या वाकलेल्या मानेने मला जे शिकवलं तेच या लेखात मांडतो आहे.

गोलात काय चालतं

सेशनमध्ये मंच नसतो आणि मुख्य कलाकारही नसतो. टेबलाभोवती फिडल, बासरी, टिन व्हिसल, बॅन्जो, कॉन्सर्टिना, कधी इलियन पाइप्स घेऊन माणसं बसतात आणि सगळी एकच चाल वाजवतात. बहुतेक चालींचे दोन भाग असतात. प्रत्येक भाग दोनदा घ्यायचा, पूर्ण चाल दोन-तीनदा घोळवायची आणि न थांबता पुढच्या चालीत शिरायचं. मेलडी एकच असली तरी प्रत्येकाची हरकत निराळी असते, आणि सेशनची सगळी गोडी त्या बारीक फरकांत आहे. ते फरक ऐकू आले नाहीत तर मागे उरतो तो नुसता गलबला.

आयर्लंडमध्ये भात्याच्या वाद्यांत बटणांच्या ॲकॉर्डियनचा मान मोठा. पॅडी ओब्रायन आणि जो कूली यांच्यासारख्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर त्याची शैली घडवली. त्या वाद्यात भाता ओढताना एक स्वर येतो आणि दाबताना दुसरा. सतत उलटसुलट होणाऱ्या भात्यामुळे चालीला आपोआप उसळी मिळते. पियानो ॲकॉर्डियनमध्ये दोन्ही दिशांना एकच स्वर येतो, त्यामुळे ती उसळी बोटांनी आणि भात्याच्या बारीक हिसक्यांनी आणावी लागते. ते जमतं. रॉसकॉमनचे ॲलन केली, इंग्लंडच्या कॅरन ट्वीड आणि एडिंबरोचे फिल कनिंगहॅम यांना ऐकलं की खात्री पटते. पण त्यासाठी बोटाखाली चटकन बोलणारं आणि मांडीवर हलकं बसणारं वाद्य हवं.

किती पट्ट्या, किती बास

फिडलची सगळ्यात खालची तार 'जी'ची. सेशनमधल्या जवळजवळ सगळ्या चाली त्या 'जी'पासून वर दोन सप्तकं आणि थोडं पुढे 'बी'पर्यंत फिरतात. मोजल्या तर काळ्या-पांढऱ्या मिळून या २९ पट्ट्या झाल्या. आता बाजारातली मापं बघा.

४८ बासच्या वाद्याला सहसा २६ पट्ट्या असतात आणि त्यांची सुरुवात मधल्या 'सी'च्या खालच्या 'बी'पासून होते. फिडलवाला खालच्या 'जी' किंवा 'ए'वर उतरला की तिथे आपली पट्टी संपलेली असते. ७२ बासच्या वाद्याला बहुधा ३४ पट्ट्या असतात आणि त्यातली पहिली नेमकी फिडलचा तो 'जी'. वरही पुरेशी जागा उरते. ९६ बासला ३७ आणि १२० बासला ४१ पट्ट्या. जास्तीच्या पट्ट्या शास्त्रीय रचनांना लागतात, रील-जिगसारख्या नाचाच्या चालींना लागत नाहीत.

डावीकडचा हिशोबही तसाच आहे. ७२ बास म्हणजे प्रत्येकी सहा बटणांचे बारा रकाने. हे रकाने पंचमाच्या अंतराने लावलेले असतात, त्यामुळे 'डी'च्या एका बाजूला 'जी' आणि दुसऱ्या बाजूला 'ए' येतो. सेशनच्या चाली मुख्यतः 'डी', 'जी', 'ए' आणि त्यांच्या मायनर नातलगांत असतात, म्हणजे काम शेजारशेजारच्या पाच-सहा रकान्यांत भागतं. १२० बासच्या वीस रकान्यांचं ओझं मांडीवर कशासाठी वागवायचं?

वजनाची गोष्ट फक्त पाठीपुरती नाही. ७२ बासचं वाद्य साधारण सात-आठ किलोचं असतं. हलकं आणि आटोपशीर असल्यामुळे त्याचा भाता चटकन दिशा बदलतो, आणि उसळी तिथूनच येते. शिवाय गच्च भरलेल्या बाकावर शेजाऱ्याच्या कोपराला आणि फिडलच्या गजाला जागा उरते.

खर्ज, नर, मादी

इथे पेटी वाजवणाऱ्या मराठी वाचकाला आयतं ज्ञान आहे. हार्मोनियममध्ये आपण खर्ज, नर आणि मादी असे सूर मोजतो. ॲकॉर्डियनमध्येही तीच व्यवस्था आहे. खालच्या सप्तकाचा सूर, मधला सूर आणि वरच्या सप्तकाचा सूर. फरक धातूचा आणि हवेचा. पेटीची पत्ती पितळेची आणि हवा एकाच दिशेने जाणारी. ॲकॉर्डियनची पत्ती पोलादाची, आणि भाता दोन्हीकडे वाजत असल्यामुळे प्रत्येक सुराला दोन पत्त्या, एक ओढीची आणि एक दाबाची. ३४ पट्ट्या आणि तीन ओळी सुरांच्या वाद्यात नुसत्या उजव्या हाताला २०४ पत्त्या झाल्या.

या ओळी कमी-जास्त करण्याची बटणं पट्ट्यांच्या वर किंवा शेजारी असतात. सेशनसाठी माझी पहिली अट ही की नराचा एकेरी सूर स्वतंत्र वाजवता आला पाहिजे. दुसरी अट, खर्ज आणि नर यांची जोडी. एकेरी सुराला बासरीशेजारी बसता येतं, आणि जोडी आठ-दहा वाद्यांच्या मोठ्या गोलात आधार देते. 'मास्टर' नाचाच्या दालनात शोभतं, पबच्या कोपऱ्यात नाही.

ओला सूर, कोरडा सूर

बऱ्याच ॲकॉर्डियनमध्ये नराच्या दोन ओळी असतात आणि त्यातली एक मुद्दाम किंचित चढी लावलेली असते. दोन्ही एकदम वाजल्या की स्वर लाटा मारतो. तिकडचे वादक या थरथरत्या सुराला 'ओला' म्हणतात आणि लाटा नसलेल्या सुराला 'कोरडा'.

हे अंतर सेंटमध्ये मोजतात. एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंत, मग ती काळी असो वा पांढरी, १०० सेंट. मधला 'ए' सेकंदाला ४४० कंपनांचा. त्याचा जोडीदार १० सेंट चढा असेल तर तो सुमारे ४४२.५ वर वाजतो, म्हणजे सेकंदाला अडीच लाटा ऐकू येतात. २० सेंट ठेवले तर लाटा पाचांवर जातात. स्कॉटिश नाचाच्या बँडमध्ये तो भरगच्च ओला सूर हवाहवासा वाटतो आणि त्या जागी तो सुंदर आहे.

आयरिश सेशनमध्ये मात्र जुन्या धाटणीचे फिडलवादक काही स्वर पियानोच्या पट्टीपेक्षा किंचित खाली किंवा वर ठेवतात. चालीचा रंग त्या किंचितपणात असतो. शेजारी आपला सूर सेकंदाला पाचदा हेलकावत असेल तर तो रंग धुऊन निघतो. म्हणून कोरडा किंवा जेमतेम ओलसर सूर निवडावा. हातचं वाद्य फार ओलं असेल तर जाणकार कारागीर ते पुन्हा लावून देतो. पत्ती टोकाकडे घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. आपल्याकडचे पेटी दुरुस्त करणारे हेच करतात. पण घासलेला धातू परत येत नाही, त्यामुळे मुळातच कोरडं लावलेलं वाद्य मिळालं तर ते घ्यावं.

जुनं वाद्य पारखताना

मर्यादित पैशांत चांगला सूर हवा असेल तर वापरलेलं वाद्य बघावं लागतं. पोकळ वाजणाऱ्या स्वस्त नव्यापेक्षा नीट सांभाळलेलं जुनं जर्मन किंवा इटालियन वाद्य पुष्कळदा सरस निघतं. पण पारख आपली आपण करायची.

आधी वास घ्या. भाता उघडताना कोंदट, बुरशीचा वास आला तर आत ओल गेलेली आहे. पत्त्या मेण आणि राळेच्या मिश्रणाने बसवलेल्या असतात. वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेल्या वाद्यात ते मेण ठिसूळ होतं आणि पत्त्यांवरच्या कातडी झडपा वळतात. ते वाद्य घेऊन कोकणात किंवा मुंबईत राहणार असाल तर पावसाळ्यात ओलीपासून जपण्याची तयारी आधीच ठेवा.

मग कोणतीही पट्टी न दाबता भाता हळू ओढून बघा. तो घट्ट राहिला पाहिजे. सुस्कारा टाकत उघडला तर हवा गळते आहे.

त्यानंतर सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात मोलाचं काम. एकेरी सूर लावायचा, पहिल्या पट्टीपासून शेवटच्या पट्टीपर्यंत एकेक स्वर ओढीवर आणि मग दाबावर ऐकायचा. दोन्हींत फरक वाटला, कुठे घरघर आली, कुठे स्वर उशिरा उठला तर पट्टी लिहून ठेवायची. मग दुसरी ओळ, मग तिसरी. अर्धा तास लागतो. विकणारा घाई करत असेल तर वाद्य तिथेच सोडून उठावं.

शेवटी खालच्या सप्तकातला एक स्वर धरा आणि हलक्या भात्यावर तीन बोटांनी त्याच पट्टीवर झटपट तीनदा ठोका द्या. तिन्ही वेळा स्वर स्वच्छ उमटला तर हे वाद्य रीलच्या हरकती पेलेल. पट्ट्यांची खडखड स्वराइतकीच ऐकू आली तर संथ चालीत तीच सगळ्यांच्या कानात बसेल.

शेवटची परीक्षा

हे सगळं जमलं की एका मित्राला टिन व्हिसल किंवा व्हायोलिन घेऊन शेजारी बसवा. त्याला नेहमीच्याच आवाजात वाजवू द्या आणि तुम्ही तीच चाल त्याच्याबरोबर वाजवा. स्वतःच्या बोटांवर लक्ष असतानाही त्याची हरकत, त्याने घेतलेला श्वास, उलटलेला गज ऐकू आला तर वाद्य घरी न्या.

मी ते अकरा किलोचं वाद्य विकलं आणि ३४ पट्ट्यांचं, कोरड्या सुराचं एक वापरलेलं वाद्य घेतलं. त्याच कोपऱ्यात, त्याच बाईंशेजारी, एकेरी सुरावर तीच रील वाजवली. त्यांची मान सरळ होती. दुसऱ्या भागात, इतके दिवस मी वाजवत आलो होतो त्यापेक्षा निराळं वळण त्या घेतात हे मला त्या रात्री पहिल्यांदा ऐकू आलं. आज मी ती चाल त्यांच्या वळणाने वाजवतो.

पुढच्या आठवड्यात डाव्या हाताकडे वळू. गिटारवाला शेजारी असताना बासची बटणं कधी दाबायची आणि कधी हात नुसता भात्यावर ठेवायचा, हे पाहू.