सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली, म्हणजे नेमकं काय?

“सारखी सोनोग्राफी नको, किरणं बाळाला बाधतात,” असं घरात कोणीतरी हमखास म्हणतं. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतातच, कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी असतात. एमआरआयमध्येही क्ष-किरण नाहीत. तिथे काम चुंबक आणि रेडिओलहरींचं. गरोदरपणात गॅडोलिनियम या कॉन्ट्रास्ट द्रव्याचं इंजेक्शन मात्र टाळतात.

याहून महागात पडणारा गैरसमज म्हणजे ‘रिपोर्ट नॉर्मल, आता बाळ शंभर टक्के निरोगी’. अठरा ते वीस आठवड्यांतल्या अ‍ॅनोमली स्कॅनमध्ये डोकं, मणका, हृदय, मूत्रपिंडं, हातपाय तपासतात. नॉर्मल म्हणजे त्या दिवशी जे दिसलं, त्यात दोष आढळला नाही, एवढंच. बाळ पाठ करून असेल, गर्भजल कमी असेल किंवा आईचं वजन जास्त असेल, तर चित्र धूसर येतं. हृदयातलं लहान छिद्र निसटू शकतं. आतड्यातला अडथळा कधीकधी शेवटच्या तिमाहीतच दिसतो. बहिरेपण आणि स्वमग्नता तर दिसतच नाहीत. डाउन सिंड्रोम असलेल्या कित्येक बाळांचं स्कॅनही स्वच्छ येतं. म्हणून रक्ताच्या चाचण्या वेगळ्या सांगतात.

मग थेट एमआरआयच का नको? कारण आधी कुठे बघायचं ते सोनोग्राफीच सांगते. धडधडणाऱ्या हृदयासाठी फीटल इको, म्हणजे गर्भाच्या हृदयाची खास सोनोग्राफीच चांगली. एमआरआयचा खरा उपयोग मेंदूसाठी. सोनोग्राफीत मेंदूचा दोष दिसलेल्या गर्भांवर ब्रिटनमध्ये ‘मेरिडियन’ अभ्यास झाला. २०१७च्या ‘लॅन्सेट’मधल्या त्याच्या निष्कर्षांनुसार अचूक निदानाचं प्रमाण सोनोग्राफीत ६८ टक्के, तर एमआरआयची जोड दिल्यावर ९३ टक्के होतं. अठरा आठवड्यांआधी मात्र एमआरआयचा फारसा उपयोग नाही.

रिपोर्टमध्ये ‘हृदयात पांढरा ठिपका’ वाचून रात्रभर रडणाऱ्या जोडप्यांना एवढंच सांगावंसं वाटतं, की बाकी सगळं ठीक असेल तर असा एकटा ठिपका सहसा निरुपद्रवी असतो. खरे दोषही काही वेळा बरे होतात: वाकडं पाऊल जन्मानंतर प्लास्टर घालून, तर फाटलेला ओठ शस्त्रक्रियेने दुरुस्त होतो.

‘वीस आठवडे उलटले, आता काहीच करता येणार नाही’ हेही खरं नाही. भारतातल्या गर्भपात कायद्यात २०२१ला झालेल्या दुरुस्तीनंतर गंभीर व्यंग असेल, तर चोवीस आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळ गर्भपाताला परवानगी देऊ शकतं. लिंग सांगणं मात्र कोणत्याही तपासणीत गुन्हाच.

तेव्हा अ‍ॅनोमली स्कॅनची वेळ चुकवू नका, आणि रिपोर्ट हातात घेताना डॉक्टरांना जरूर विचारा: “आज नीट काय दिसलं नाही?”