लेकासाठी होडी घेताना

माझी ताई गंगापूर धरणाच्या फुगवट्यालगत राहते. तिच्या सतरा वर्षांच्या लेकाला गळ टाकायचं भारी वेड. स्वारी ट्रकच्या ट्यूबवर बसून खोल पाण्यात जाते, हे कळलं तेव्हा ताईचं धाबंच दणाणलं. रागावून झालं, रडून झालं. शेवटी म्हणाली, "जायचंच असेल तर होडीतून जा. पण होडी मी बघून घेणार!"

साडीचे काठ-पदर बघणाऱ्या आम्ही दोघी बहिणी होडी बघायला निघालो. आधी अर्थात परवानगी. धरणातल्या मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, तिथे विचारल्याशिवाय पैसे गुंतवू नयेत. नांदूर मध्यमेश्वरला तर १९८६ पासून अभयारण्य आहे, तिथे वनखात्याला विचारावंच लागतं.

आमच्या चिरंजीवांना हवी होती लांब, निमुळती, वेगात जाणारी होडी. पण मासा गळाला लागला की पोरं भान विसरून एका कडेला झुकतात, आणि अरुंद होडी तिथेच कलंडते. म्हणून सपाट, रुंद तळाची बघायची. लाकडी होडी गावात दुरुस्त होते, पण उन्हात वाळली की फळ्यांच्या फटी उघडतात, वरचेवर डांबर लावा. फायबरची हलकी. उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की चिखलातून ओढायला बरी, दोघांना उचलता आली पाहिजे. जुनी घेताना मात्र उलटी करून, मडकं वाजवतो तशी बोटांनी ठोकून पाहा. कुठे बद्द आवाज आला तर आतले थर सुटलेत असं समजा. बसायच्या फळीखाली बंद हवेचे कप्पे किंवा थर्मोकोल आहे ना, हेही विचारा. मग पाणी भरलं तरी होडी तळाला जात नाही.

लाइफ जॅकेट अंगाला घट्ट बसणारं हवं. बुडाखाली घ्यायची ती उशी नव्हे, हे पोराला दहादा सांगावं लागतं!

मासेमारीवरच घर चालत असेल, तर आणखी एक. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिलांना ६० टक्के मदत ठरली होती. सध्या होडीसाठी अर्ज घेतात का, ते मत्स्यव्यवसाय खात्यात विचारा. अर्ज आईच्या नावाने करता आला तर उत्तमच.

आमच्या ताईने पैसे मोजण्याआधी होडी गुडघाभर पाण्यात ढकलायला लावली. पदर खोचला आणि स्वतःच कडेवर जाऊन बसली. होडी जराशी कलली, पण थांबली. "माझं वजन पेललं, म्हणजे तुझं काय!" ती लेकाला म्हणाली. मग त्याला जॅकेट चढवून पट्टे स्वतःच्या हाताने आवळले.