अंगावर एकाएकी फोड : नागीण की आणखी काही?



पावसाळ्यात गटात फिरताना आम्हाला बेणे-खताच्या चौकशीबरोबर एक तक्रार हमखास ऐकू येते, "साहेब, रातीतून फोड उठले, नागीण दिसते." मग गेरूचा लेप होतो, मंत्र होतो आणि मोलाचे तीन दिवस जातात. उसावर लोकरी मावा की पांढरी माशी, हे पाहूनच आपण औषध ठरवतो. अंगाचेही तसेच करावे.

नागीण अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते. त्याआधी एक-दोन दिवस तिथे आग होते, ठणकते. पूर्वी येऊन गेलेल्या कांजिण्यांचे विषाणू मज्जातंतूत दडून असतात. उतारवयात किंवा अंगातली ताकद घटली की ते उठतात. 'तोंड-शेपूट जुळले की माणूस दगावतो' हे खरे नाही. फोड आल्यापासून 72 तासांच्या आत डॉक्टरांनी असायक्लोविरसारखे औषध सुरू केले तर चांगला गुण येतो. उशीर झाला तरी दाखवावेच. कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर किंवा डोळ्याजवळ उठली तर त्याच दिवशी जावे, नजरेला धोका असतो.

नागिणीसारखाच पट्टा एका किड्यामुळेही उठतो. रातच्या पाण्याच्या पाळीला काळा-नारिंगी, मुंगीसारखा लांबट किडा दिव्याकडे येतो. तो चावत नाही. अंगावर चिरडला की त्याचे विष लागते आणि एक-दोन दिवसांत भाजल्यासारखे फोड येतात. किडा फुंकरीने उडवावा, जागा साबणाने धुवावी, तो हात डोळ्याला लावू नये.

तिसरे कारण गाजर गवत. 1955 साली पुण्यात आढळलेले हे तण आज बांधोबांध आहे. खुरपणीच्या बाया-माणसांच्या हाता-तोंडावर, मानेवर खाज सुटते, पुरळ येते, कधी पाणी सुटते. फुलोऱ्याआधीच हातमोजे घालून उपटावे.

चौथा बिब्बा. काटा मोडला म्हणून टाचेला बिब्ब्याचा चटका देतात, तो उतला की फोड येतात. हा उपाय सोडावा.

कोणताही फोड फोडू नये, त्यावर गेरू-माती लावू नये. नवीन गोळ्या घेतल्यावर फोडांबरोबर ताप आला, तोंड-डोळे सोलवटले, तर गोळ्या घेऊन तडक मोठा दवाखाना गाठावा. नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे.

फडावर पाण्याची कळशी अन् साबणाची वडी ठेवावी. ऊसतोड मजुरांनाही हे समजावून सांगावे, ही विनंती.

— ऊस विकास विभाग