कोल्ड्रिंकचा जुना फ्रीज गार करत नाही? गॅस भरण्याआधी एवढं बघा

उन्हाळा तोंडावर आला की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. गटाने स्टँडजवळ टपरी टाकलेली असते, काचेच्या दाराचा जुना फ्रीज कुणाकडून तरी विकत घेतलेला असतो, आणि ऐन हंगामात सोडा, ताक, सरबत सगळं कोमट राहायला लागतं. मेकॅनिक येतो, जरा हात लावून बघतो आणि म्हणतो, "ताई, गॅस संपलाय." मग बचतीतले पैसे काढून गॅस भरायचा, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तेच.

आधी हा गॅस म्हणजे काय ते समजून घेऊ. आपल्या शेगडीच्या सिलिंडरमधला गॅस जळतो, म्हणून संपतो. फ्रीजमधला गॅस बंद नळीत नुसता फिरत असतो. खालचा कॉम्प्रेसर त्याला दाबतो, दाबल्यावर तो तापतो, मग मागच्या किंवा खालच्या जाळीत त्याची उष्णता बाहेर पडते आणि तो पातळ होतो. तिथून बारीक नळीतून तो आतल्या कॉइलमध्ये जातो, तिथे त्याची वाफ होते आणि वाफ होताना तो बाटल्यांची उष्णता ओढून घेतो. माठातलं पाणी झिरपून वाळताना माठ गार होतो ना, तसंच. फरक एवढाच की इथे वाफ हवेत जात नाही, पुन्हा कॉम्प्रेसरकडे येते. म्हणजे नळीला कुठे भोक पडल्याशिवाय गॅस कमी होत नाही. वीस वर्षं जुना फ्रीजही पहिल्याच गॅसवर चालू शकतो.

मग गार का होत नाही? फ्रीज अर्धा तास चालू द्या, मोटर चालू असल्याची खात्री करा, मग प्लग काढून बाहेरच्या जाळीला बेताने हात लावा. चांगली गरम लागली तर गॅस फिरतोय. आता दोष बहुतेक वेळा धुळीत असतो. टपरी रस्त्याकडेला, वरून वड्यांच्या तेलाचा धूर. त्या जाळीवर तेलकट धुळीची गोधडीच बसते. उष्णता बाहेर पडायला वाटच उरत नाही, मोटर दिवसभर चालते आणि विजेचं बिल वाढतं. प्लग काढलेला असतानाच जुन्या ब्रशने, नळ्या न वाकवता, जाळी साफ करा. पाणी मारू नका. जाळीजवळ पंखा असेल तर तो मोकळा फिरतो का तेही बघा. फ्रीज भिंतीला चिकटवू नका, मागे वीतभर जागा सोडा, आणि मागच्या फटीत रिकामी पोती, खोकी कोंबायची सवय मोडा. एवढ्यानेच बरेच फ्रीज सुधारतात.

नंतर दाराचं रबर. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. पट्टी सहज निघाली तर तिथून गरम हवा आत शिरतेय. रबर कोमट साबणपाण्याने पुसून बघा, फाटलं असेल तर बदला. आतला पंखा फिरत नसेल, किंवा बाटल्या त्याच्या तोंडाशीच रचल्या असतील, तर गारवा एका कोपऱ्यात राहतो. कॉइलवर बर्फाचा थर चढला असेल तर फ्रीज बंद करून तो आपोआप वितळू द्या. सुरीने खरवडू नका. कॉइलला भोक पडलं की मग मात्र गॅस खरंच जातो! नव्या बाटल्या संध्याकाळी भराव्यात, रात्रभर दार उघडत नाही.

मोटर घुमते, "टक" असा आवाज होऊन बंद पडते, थोड्या वेळाने पुन्हा तेच, असं असेल तर आधी व्होल्टेज तपासून घ्या. घरगुती वीज २३० व्होल्टची असते. शेतातले पंप सुरू झाले की ती खाली येते आणि मोटरला उचलता येत नाही. बारीक वायरच्या लांब एक्स्टेंशनवर फ्रीज लावला तर आणखीच कमी पडते. व्होल्टेज नीट असेल तर रिले, कपॅसिटर तपासायला सांगा, पण तिथे आपण हात घालायचा नाही. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज राहते. आणि वीज जाऊन आली की लगेच फ्रीज चालू करू नका, पाच मिनिटं थांबा.

मोटर सारखी चालतेय, बाहेरची जाळी मात्र थंडच आहे, आतल्या कॉइलच्या सुरुवातीलाच थोडा बर्फ आहे आणि नळीच्या जोडावर तेलाचा डाग दिसतोय, तर गॅस गळत असल्याची शंका खरी. तेव्हाही आधी गळती शोधायला सांगा. जोडांना साबणाचा फेस लावला की बुडबुडा दिसतो. ती जागा बंद करायची, व्हॅक्यूम पंपाने नळीतली हवा काढायची, आणि मगच गॅस वजनावर भरायचा. कोणता गॅस ते फ्रीजवरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. फार जुन्यांत आर-१२ असायचा. तो ओझोनच्या थराला घातक म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर हळूहळू बंद झाला. पुढे आर-१३४ए आला. पट्टीवर आर-६००ए लिहिलं असेल तर तो पेट घेणारा गॅस आहे, टपरीत शेगडी चालू ठेवून ते काम करू देऊ नका.

बिलावर गळती कुठे होती, गॅस कोणता आणि किती ग्रॅम भरला हे लिहून घ्या, आणि त्या बिलाची एक प्रत फ्रीजच्या बाजूलाच चिकटवून ठेवा. पुढच्या वेळी दुसरा मेकॅनिक आला तर त्याला ती पहिल्यांदा दाखवा.