विश्लेषण : पित्तनलिका अरुंद झाली म्हणजे कर्करोगच का?

साठीच्या आसपासचा पुरुष. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज आणि घटलेले वजन. पोटात मात्र फारसे दुखत नाही. स्कॅनमध्ये पित्तनलिका अरुंद झालेली दिसते. अशा वेळी पहिला संशय येतो तो पित्तनलिकेच्या कर्करोगाचा. पण औषधांनी आटोक्यात येणाऱ्या एका आजारातही हुबेहूब हेच चित्र दिसते. तो आजार म्हणजे ‘आयजीजी४-संबंधित स्क्लेरोझिंग कोलँजायटिस’.

हा आजार काय आहे?

यकृतात तयार होणारे पित्त नलिकांवाटे आतड्यात जाते. या आजारात शरीराच्या प्रतिकारयंत्रणेमुळेच नलिकांना सूज येते. भिंती जाड होतात, पित्त तुंबते आणि कावीळ होते. बहुतांश रुग्णांच्या स्वादुपिंडालाही सूज असते. स्वादुपिंडाच्या अशा सुजेत रक्तातील आयजीजी४ हे प्रतिपिंड वाढते, हे जपानी संशोधकांनी २००१ मध्ये दाखवले होते.

रक्ततपासणी पुरेशी का नाही?

आयजीजी४ची पातळी डेसिलिटरमागे १३५ मिलीग्रॅमच्या वर गेल्यास या आजाराचा संशय बळावतो. मात्र कर्करोगाच्या काही रुग्णांतही ती वाढते, तर या आजाराच्या काही रुग्णांत ती सामान्य असते. पातळी चौपट असल्यास कर्करोगाची शक्यता बरीच कमी होते. ‘सीए १९-९’ चाचणीही निर्णायक नाही. नुसते पित्त तुंबले तरी तिचा आकडा वाढतो.

मग निदान कसे होते?

सीटी स्कॅन, एमआरसीपी, एंडोस्कोपी आणि बायोप्सी यांचा एकत्रित विचार करून. स्वादुपिंड, लाळग्रंथी किंवा मूत्रपिंडातही बदल आढळल्यास आयजीजी४ आजाराकडे कल जातो. नलिकेतून मिळणारा नमुना लहान असतो. त्यामुळे त्यात कर्करोगाच्या पेशी सापडल्या नाहीत, तरी कर्करोग नाही असे ठामपणे म्हणता येत नाही.

निदान चुकल्यास काय?

धोका दोन्ही बाजूंनी आहे. कर्करोग समजून यकृताचा भाग काढल्यानंतर तो नव्हताच, असे प्रकार घडले आहेत. उलट, कर्करोगावर स्टिरॉइड देत राहिल्यास शस्त्रक्रियेची वेळ निघून जाऊ शकते. म्हणूनच कर्करोगाच्या तपासण्या आधी पूर्ण केल्या जातात. त्यानंतर स्टिरॉइड सुरू केल्यास साधारण दोन ते चार आठवड्यांत स्कॅनमध्ये सुधारणा दिसायला हवी. ती न दिसल्यास निदानाचा फेरविचार करावा लागतो. बरे वाटल्यावरही आजार उलटू शकतो. त्यामुळे डॉक्टरांना न विचारता औषध बंद करू नये.